मिसर ते कनान हा प्रवास अंतरंगाचा म्हणून वाचायचा तर नेमका कसा?

शरणपूर_वाचनगट

जय ख्रिस्त. शरणपूर रोडच्या आमच्या मंडळीत उपवासकाळात दर शनिवारी संध्याकाळी सव्वा तासाचा बायबल अभ्यास असतो. यंदाच्या सहा शनिवारांसाठी गुलामीतून सुटलेल्या इस्राएल लोकांचा मिसर (इजिप्त) ते कनान (देवाने वचन दिलेला देश) प्रवास घेतलाय, आणि तो 'आत्म्याचा प्रवास' म्हणून वाचायचं ठरलंय. चालवायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. पंधरा-सोळा माणसं येतील, कॉलेजातल्या मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत. दोघं-तिघं नाशिक रोडचे कॅथलिक आहेत.

तयारीच्या बैठकीतच गाडी अडली. मिसर म्हणजे पाप, समुद्र म्हणजे बाप्तिस्मा, रान म्हणजे संकटं, कनान म्हणजे स्वर्ग. पाच मिनिटांत सगळं सांगून झालं! आता सहा आठवडे बोलायचं काय? त्यात एका मुलीने विचारलं, कनान स्वर्ग असेल तर तिथे पोचल्यावर लढाया कशाला? कुणालाच उत्तर देता आलं नाही.

तर तीन गोष्टी हव्यात. कुठून कुठवर वाचायचं? कुठला अर्थ वचनातून आलाय आणि कुठला आपण चिकटवलाय, हे ओळखायचं कसं? आणि सहा बैठकांत वाटणी कशी करायची?

---

ओमरभर

ताई, तुमची समीकरणं पाच मिनिटांत संपली कारण ती ठिकाणांना लावलेली आहेत. या कथेत ठिकाणापेक्षा क्रम जास्त बोलतो. एका मुक्कामावरून दुसऱ्याकडे जाताना लोकांमध्ये काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हा एकच प्रश्न सहाही शनिवार धरून ठेवा. सहा आठवडे कमी पडतील.

क्रमातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सुटका आधी आणि आज्ञा नंतर. वल्हांडण (सुटकेच्या रात्रीचं भोजन) निर्गम या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात, समुद्र १४ मध्ये, दहा आज्ञा थेट २० मध्ये. चांगलं वागून दाखवलं म्हणून कुणी मिसरातून सुटलं नाही. 'आधी स्वतःला सुधारतो, मग देवाकडे वळतो' असं म्हणणारं कुणीतरी प्रत्येक गटात असतंच, त्यांच्यासाठी एवढा क्रम पुरेसा आहे.

मग दोन वळसे. निर्गम १३:१७ सांगतं की पलिष्ट्यांच्या देशातली वाट जवळची होती, पण लढाई दिसताच लोक माघारी फिरतील म्हणून देवाने त्यांना तिकडून नेलं नाही. दुसरीकडे अनुवाद या पुस्तकातल्या १:२ प्रमाणे होरेबाहून (म्हणजे सीनायहून) कनानच्या सीमेजवळचं कादेश-बर्ण्या फक्त अकरा दिवसांच्या वाटेवर, आणि अनुवाद २:१४ प्रमाणे कादेश सोडल्यापासून जेरेद ओढा ओलांडेपर्यंत गेली अडतीस वर्षं. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. पहिला वळसा देवाने जपण्यासाठी दिला, दुसरा लोकांनी ओढवून घेतला. आपला एखादा काळ लांबला तर तो यातला कुठला, हे तपासणं म्हणजेच अंतरंगाचं वाचन. सगळेच वळसे पहिल्या प्रकारचे मानले की माणूस स्वतःकडे बघायचंच सोडतो. सगळेच दुसऱ्या प्रकारचे मानले की आजारपण, बेकारी, सगळ्याचा दोष स्वतःवर घेऊन बसतो.

अर्थ तपासायला वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात उताऱ्यात काय लिहिलंय तेवढंच. दुसऱ्यात त्याच घटनेबद्दल पवित्र शास्त्र दुसरीकडे काय म्हणतं. तिसऱ्यात मला काय दिसतं, आणि हा रकाना पेन्सिलीने. दुसऱ्या रकान्यासाठी पाच जागा पाठ करून ठेवा: स्तोत्र ९५, योहान ३:१४ (पितळेचा सर्प), योहान ६ (मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं रोजचं अन्न), १ करिंथकर १०:१-१३, इब्री ३ आणि ४. उदाहरणार्थ, मारा नावाच्या ठिकाणचं पाणी कडू होतं, मोशेने लाकूड टाकलं, ते गोड झालं. ते लाकूड म्हणजे वधस्तंभ, असा अर्थ मंडळी फार जुन्या काळापासून लावत आलीय. पण नवा करार तसं कुठे म्हणत नाही. मधला रकाना रिकामा राहिला. अर्थ सुंदर आहे, ठेवा, फक्त 'वचन असं सांगतं' म्हणून तो सांगू नका. समुद्राला बाप्तिस्मा म्हणणं मात्र प्रेषित पौलाचंच आहे (१ करिंथकर १०), तिथे मधला रकाना भरलेला आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही याच रकान्यात सापडतं. इब्री पत्र कनानला सरळ स्वर्ग म्हणत नाही, ते 'विसाव्या'बद्दल बोलतं. आणि वर असंही म्हणतं की यहोशवाने (मोशेनंतरच्या नेत्याने) लोकांना तो विसावा दिला असता तर पुढे दुसऱ्या दिवसाविषयी बोलणं झालं नसतं. म्हणजे देश मिळाला तरी विसावा मिळायचा राहिलाच. लढायांचं मग आश्चर्य वाटत नाही.

आता वाटणी. पहिला शनिवार निर्गम १२ ते १४. इथे १४:१३ आणि १४:१५ एकत्र वाचून घ्या. मोशे म्हणतो स्थिर उभे राहा, आणि दोनच वचनांनंतर देव म्हणतो, माझा धावा काय करतोस, लोकांना पुढे चालायला सांग. गटात अर्धे लोक एका वचनाचे असतात, अर्धे दुसऱ्याचे. त्यांना बोलू द्या, मध्ये पडू नका.

दुसरा शनिवार १५:२२ ते १७:७, आणि त्यातली पाऊण तासाची वेळ मान्नाला. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. ज्याने जास्त गोळा केलं त्याचं उरलं नाही, कमी करणाऱ्याला कमी पडलं नाही. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं तर किडे पडले, ऊन चढलं की वितळलं. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट, आणि तेव्हा ठेवलेलं नासलं नाही. समुद्र दुभंगलेला पाहून महिनासुद्धा लोटत नाही तोवर लोकांना मिसरातली मांसाची भांडी आठवतात. गुलामी पायांतून निघाली, जिभेत अजून आहेच.

तिसरा शनिवार सीनाय, आणि हा कुणीही गाळायचा नाही. अंतरंगाचा प्रवास म्हटलं की लोक समुद्रावरून उडी मारून थेट कादेशला पोचतात, कारण सीनायला 'घडत' काही नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तिथला मुक्काम अकरा महिन्यांच्या आसपास आहे (निर्गम १९:१ आणि गणना १०:११ ताडून बघा), आणि निर्गम १९ पासून अख्खं लेवीय धरून गणना १० पर्यंतचे जवळपास साठ अध्याय या एका तळावर खर्च झालेत. चालणं थांबलेलं असताना घडण चालू होती. सगळं वाचायला वेळ नाही, तेव्हा १९, २० आणि ३२ ते ३४ घ्या. मोशे डोंगरावर चाळीस दिवस होता, तेवढ्यात खाली पूजेला सोन्याचं वासरू तयार झालं. वासरू कशाचं बनलं तेही दाखवा: कानांतल्या सोन्याच्या कड्यांचं, जी बहुधा मिसरातून निघताना मागून घेतलेल्या सोन्यातलीच. पुढे निवासमंडपासाठीही (उपासनेच्या तंबूसाठीही) लोकांनी सोनं दिलं. सोनं तेच, उपयोग दोन.

चौथा शनिवार गणना ११ ते १४. आपल्याकडच्या माणसांना हे अध्याय समजावून सांगावे लागत नाहीत. अकराव्यात लोक मिसरातल्या कांद्या-लसणासाठी रडतात आणि तेराव्यात दोन माणसं द्राक्षांचा एकच घड दांडीवर घालून आणतात. लासलगाव आणि दिंडोरी एकाच पुस्तकात! कांदा मागचा, द्राक्ष पुढचं. आणि पुढचं हाताला लागूनही, कनान पाहायला पाठवलेल्या बारांपैकी दहा हेर मागचंच निवडतात. या भागात हमखास वगळलं जातं ते गणना १४:४० ते ४५. कनानात जायला नाही म्हणून रडल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तेच लोक, मोशेने नको म्हटलं असूनही, कराराचा कोश (आज्ञांच्या पाट्यांची पेटी) छावणीत असताना डोंगर चढून जातात आणि मार खातात. घाबरून थांबणं आणि ईर्ष्येने धावणं, दोन्ही एकाच अविश्वासाची रूपं. उपवासकाळात अतिउत्साहाने घेतलेले संकल्प तिसऱ्या दिवशी का मोडतात, ते इथे कळतं.

पाचवा गणना २०, २१ आणि ३३. सहावा अनुवाद ३४ आणि यहोशवा ३ ते ५.

---

नाशिकरोडकर

पाचव्या शनिवारात थोडी भर घालतो. गणना ३३ ही मुक्कामांची यादी. परंपरेने ४२ मुक्काम धरतात. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती भाष्यकाराने गणनावरच्या सत्ताविसाव्या प्रवचनात हे ४२ टप्पे आत्म्याच्या चढणीचे म्हणून लावले आणि त्यांना मत्तय १ मधल्या ४२ पिढ्या जोडल्या: ख्रिस्त ४२ पायऱ्यांनी खाली उतरला, आपण तितक्याच पायऱ्यांनी वर चढतो. कल्पना थोर आहे. पण प्रत्येक मुक्कामाचा अर्थ तो नावाच्या फोडीवरून काढतो आणि त्यातल्या बऱ्याच फोडी आज टिकत नाहीत. तेव्हा त्याची चढण घ्या, शब्दकोश घेऊ नका. ४२ दिवसांचं वेळापत्रक तर अजिबात नको. उपवासकाळाचे दिवस चाळीस, मग दोन मुक्काम कुठे कोंबायचे यावरच गटाचा निम्मा वेळ जाईल.

मला त्या यादीत महत्त्वाचं वाटतं ते ३३:१८ ते ३५. रिथमापासून एस्योन-गेबेरपर्यंत अठरा नावं, आणि नावांखेरीज तिथे काहीही नाही. 'अमक्या ठिकाणाहून निघाले, तमक्या ठिकाणी तळ दिला.' ना चमत्कार, ना कुरकुर. माणसाच्या प्रार्थनेच्या आयुष्यातला बराचसा भाग असाच असतो. तरी ३३:२ म्हणतं की देवाच्या आज्ञेवरून मोशेने हे मुक्काम लिहून ठेवले. बैठकीत ही अठरा वचनं मोठ्याने, घाई न करता वाचा. दोन-तीन मिनिटं लागतात. कुणी हसेल, कुणी चुळबुळ करेल, चालू द्या. त्यानंतर एवढंच विचारा: तुमच्या यादीतला कुठला काळ नुसत्या नावाचा आहे?

चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीने मोशेचं आयुष्य याच रीतीने लावलं. त्याचं निरीक्षण असं की मोशेला देव आधी झुडपातल्या उजेडात भेटतो, मग मेघात, आणि शेवटी निर्गम २०:२१ च्या गडद अंधारात. जवळ जावं तसं स्पष्ट दिसेल, ही आपली अपेक्षा तो उलटी करतो. तिसऱ्या शनिवारी गटात वाळवंटासारख्या कोरड्या प्रार्थनेने हैराण झालेलं कुणी असेल तर हे नक्की सांगा.

आणखी एक. आपल्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी वारीची उपमा देणारच. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते तेव्हा तिचे मुक्काम आधीच ठरलेले असतात, रस्त्यातल्या गावांना तारखा ठाऊक असतात. गणना ९:१५ ते २३ याच्या नेमकं उलट आहे. लोकांना वाट दाखवणारा मेघ कधी दोन दिवस थांबे, कधी महिना, कधी त्याहून जास्त. तंबू ठोकताना तो कधी उपटायचा हे कुणालाच माहीत नसे. उपमा जिथे जुळत नाही तिथेच मुद्दा आहे, म्हणून कुणी ती दिली तर अडवू नका.

---

गोदाकाठ

वरचं दोघांचंही पटलं, पण एक मोठी गोष्ट निसटतेय. निर्गमातला मिसर आधी वीटभट्टी आहे, मनाची अवस्था नंतर. निर्गम ५ वाचा. पेंढा द्यायचा बंद, विटांचा आकडा मात्र तोच. कमी भरल्या म्हणून इस्राएली नायकांना मार, आणि वर 'तुम्ही आळशी आहात' हे फारोचं (मिसरच्या राजाचं) उत्तर. रूपकाकडे उडी मारायच्या आधी पहिल्या शनिवारी निर्गम १:८-१४ आणि ५:६-१८ दहा मिनिटं नुसतं वाचा. त्या वेळी 'माझ्यातला मिसर' हा शब्द कुणी काढायचा नाही.

हे नाशिकमध्ये तर विसरूच नये. १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला, १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तुमचं शरणपूर १८५४ मध्ये वसलं, तिथे गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकली, त्यांतले काही पुढे मिशनरी आणि शोधप्रवासी लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेले. तुमच्या गटातल्या काही घरांत बाहेरच्या मिसराची आठवण दोन-तीन पिढ्यांपलीकडची नसेल. त्यांना 'खरा मिसर तुमच्या आत आहे' असं सांगणं म्हणजे फारोची सुटका करणं.

मग आतलं वाचन करायचंच नाही का? करायचं. पण त्याची कसोटी शास्त्रानेच दिलीय. निर्गम २३:९ म्हणतं, परक्याला छळू नका, परक्याचं मन कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही मिसरात परके होता. अनुवाद ५:१५ शब्बाथाचं कारण देतं: तू मिसरात दास होतास, म्हणून तुझ्या दासदासींनाही विसावा. अनुवाद २३:७ तर मिसऱ्याचाही तिरस्कार करू नको म्हणतं. आतला प्रवास खरा असेल तर तो घरकामाला येणाऱ्या बाईच्या सुट्टीपर्यंत पोचतो. पौल २ करिंथकर ८:१३-१५ मध्ये मान्नाचं ते वचन कशासाठी वापरतो? गरीब मंडळीसाठी वर्गणी गोळा करायला.

कनानी लोकांबद्दलही सांभाळा. 'कनानी म्हणजे माझी पापं' असं ओरिगेनपासून चालत आलंय. त्याने तलवारीची धार बोथट होते, ठीक. पण गटात हळूच 'कनानी' म्हणजे अमुक समाज, तमुक धर्म असं सुरू होतं. तिथल्या तिथे थांबवा.

आणि ही कथा मुळात ज्यांची आहे त्या यहुद्यांनाही जरा ऐका. वल्हांडणाच्या रात्री प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपण स्वतः मिसरातून निघालो असं मानावं, हे मिश्नात (यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात) आहे. बेने इस्राएलांसाठी (मराठी बोलणाऱ्या यहुद्यांसाठी) १८७४ मध्ये पुण्यात मराठी हगादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) छापली गेली, म्हणजे हे वाचन आपल्या भाषेत जुनं आहे. मिसरवर आलेल्या दहा पीडांची नावं घेताना प्याल्यातून थेंब-थेंब द्राक्षारस काढून टाकायचीही रीत आहे. शत्रूच्या दुःखाने आपला प्याला थोडा रिता व्हावा, असा तिचा अर्थ सांगतात.

---

शरणपूर_वाचनगट

तिघांचेही मनापासून आभार. तीन रकान्यांच्या वह्या घेऊनच टाकल्या. दोन शंका उरल्या. आमच्याकडे 'माझा फारो कोण' म्हटलं की गाडी सासू, जाऊ, साहेब यांच्यावर जाते. ती कशी वळवायची? आणि आठवडाभर घरी काय करायला द्यायचं?

---

ओमरभर

फारोसाठी निर्गम ८ मधली बेडकांची पीडा घ्या. मोशे विचारतो, बेडूक कधी जावेत म्हणून विनंती करू? फारो म्हणतो, उद्या. घरात, अंथरुणात, पिठाच्या परातीत बेडूक, आणि माणूस 'आत्ता' म्हणत नाही! मग थोडी उसंत मिळताच मन पुन्हा कठीण. गटाला 'तुमचा फारो कोण' विचारूच नका. 'मी कशाला उद्या म्हणतोय' हे विचारा. सासू आपोआप बाजूला पडते.

पण गोदाकाठ यांचं म्हणणं इथे लागू होतं. घरात खरोखर मारहाण, छळ सोसणारी कुणी असेल तर तिला हा प्रश्न विचारायचा नाही. तिचा फारो बाहेरच आहे आणि तिला मदत हवी आहे, मनन नको. बैठक संपल्यावर पाळक किंवा विश्वासातल्या बाईंनी तिच्याशी वेगळं बोलावं.

घरच्यासाठी मान्नाचाच नियम लावा. रोज सकाळी आठ-दहा वचनं, जास्त नाही. वहीत तिसऱ्या रकान्यात एक ओळ. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही, सरळ त्या दिवसाचं वाचायचं. बिघडतं ते नेमकं इथेच: लोक शुक्रवारी रात्री पाच दिवसांचं एकदम उरकतात, किंवा बुडालेल्या दिवसांचा ढीग बघून वहीच बंद करतात. शनिवारी दुप्पट वाचा, रविवारी काहीच वाचायचं नाही, उपासनेला या. काही जणांना रविवारी न वाचणंच जड जातं. निर्गम १६:२७ मध्येही सातव्या दिवशी काही जण गोळा करायला गेलेच होते.

ओळी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू देऊ नका. दोन दिवसांत कुणाची ओळ लांब, कुणाची विद्वत्तेची हे सुरू होतं, आणि कमी लिहिणारे गप्प बसतात. ज्याला वाचायची आहे त्याने शनिवारी तोंडी वाचावी.

---

नाशिकरोडकर

सहाव्या शनिवारी घाई होते, म्हणून वेळ आधीच बांधा. अनुवाद ३४ ला वीस मिनिटं, त्यात देश डोळ्यांनी पाहूनही मोशे आत गेला नाही यावर गट बराच बोलतो. यहोशवा ३ मध्ये फरक दाखवा: तांबड्या समुद्राला वाट आधी मोकळी झाली आणि मग लोक उतरले, यार्देनला याजकांचे पाय पाण्याला लागल्यावर पाणी थांबलं. तेही कापणीच्या दिवसांत, नदी काठोकाठ भरलेली असताना. यहोशवा ५:१२ साठी शेवटची पंधरा मिनिटं ठेवा, देशाचं पीक खाल्लं त्याच्या दुसऱ्या दिवशी मान्ना बंद झाला. आमच्या कॅथलिक मंडळींच्या बायबलमध्ये ठिकाणांच्या नावांची अक्षरं थोडी वेगळी दिसतील, तेव्हा वाचताना नावाऐवजी अध्याय आणि वचन पुकारा.